मलबार हिलवरून रात्रीचा राणीचा हार कसा टिपायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मरीन ड्राइव्हच्या दिव्यांच्या ओळीचा, म्हणजे राणीच्या हाराचा, रात्रीचा फोटो कुणाला दाखवला की ठरलेले प्रश्न येतात, कुठून काढला, कुठला कॅमेरा, किती वाजता गेलेलास, ट्रायपॉड लावू देतात का. मी गिरगावात वाढलो, मलबार हिलच्या कठड्यावरून हा फोटो काढायला गेली पंधरा-सोळा वर्षं जातोय आणि अजूनही जातो, त्यामुळे एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो.

वरूनच का काढायचा? खाली कट्ट्यावरून येतो की फोटो.

येतो, पण तो कट्ट्याचा फोटो येतो, हाराचा नाही. खाली उभं राहिलं की रस्त्याचे दिवे एकामागे एक लपतात, जवळचे चार-पाच मोठे दिसतात आणि पुढचे सगळे एकमेकांत मिसळून जातात. मरीन ड्राइव्ह साधारण साडेतीन किलोमीटरचा वळलेला रस्ता आहे, गिरगाव चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंत, आणि ते वळण कळायला डोळा दिव्यांच्या बराच वर लागतो. मलबार हिलवर चढलात की अचानक प्रत्येक दिवा सुटा दिसायला लागतो, मण्यासारखा. हार म्हणतात तो हा.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. समुद्राला लागून ज्या जुन्या आर्ट डेको (त्या काळची एक इमारत-शैली) बिल्डिंगा आहेत त्या बहुतेक १९३० आणि ४० च्या दशकातल्या, आणि त्यांची उंची जवळपास सारखी. त्यामुळे दिव्यांच्या ओळीच्या वर खिडक्यांची दुसरी एक सरळ ओळ येते आणि तिच्या मागे नवीन टॉवर. म्हणजे फोटोत तीन थर मिळतात. २०१८ मधे युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको बिल्डिंगांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यात ही ओळ पण आहे, ती फोटोत नीट वाचता आली पाहिजे असं मला मनापासून वाटतं, नुसता पिवळा पट्टा नको.

नेमकं उभं कुठे राहायचं?

दोन जागा सांगतो. पहिली आपली जुनी, कमला नेहरू पार्क, तेच ते म्हातारीचा बूट असलेलं. १९५२ चं पार्क. तिथे पूर्वेच्या कडेला कठडा आहे तिथून चौपाटी आणि पुढचा सगळा उपसागर दिसतो. अडचण एकच, झाडं. पावसाळ्यानंतर फांद्या इतक्या वाढतात की मागच्या वर्षी जी जागा मोकळी होती तिथे यावर्षी मधोमध पानं येतात, म्हणून आधी दिवसा येऊन फिरून बघा, कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि फोनवर फ्रेम लावून जागा पक्की करा. अंधारात शोधत बसलात तर वेळ हातचा जातो.

दुसरी जागा नवीन, पार्कच्या मागच्या उतारावरचा लाकडी एलिव्हेटेड वॉक-वे, तो २०२५ च्या मार्चअखेरीला लोकांसाठी सुरू झाला. ४८५ मीटर लांब आहे, झाडीतून जातो, आणि एका ठिकाणी काचेचा तळ असलेला व्ह्यूइंग डेक आहे तिथून चौपाटी दिसते. भारतीयांना २५ रुपये तिकीट, ऑनलाइन स्लॉट घ्यायचा, वेळ सकाळी ५ ते रात्री ९. सुट्टीच्या दिवशी गर्दी खूप असते, फोटोसाठी जायचं असेल तर मंगळवार बुधवार बघा आणि सूर्यास्ताचा स्लॉट लवकर बुक करा, सगळ्यांना तोच हवा असतो.

मला कुठली आवडते विचाराल तर अजूनही पार्कचा कठडा. तिथे पायाखाली दगडमाती आहे, हलत नाही. वॉक-वे बद्दल खाली ट्रायपॉडच्या प्रश्नात लिहिलंय.

जायचं कसं?

ग्रँट रोड किंवा चर्नी रोड स्टेशनवरून टॅक्सी, किंवा बेस्टची बस थेट कमला नेहरू पार्कला येते. मेट्रो ३ चं ग्रँट रोड स्टेशन पण आता आहे. दम असेल तर चौपाटीवरून सिरी रोडने चालत वर या, झाडीतला चढाचा रस्ता आहे, संध्याकाळी उजेडात छान वाटतो. उतरताना मात्र अंधार असतो आणि खांद्यावर कॅमेरा असतो, तेव्हा मी मोठ्या रस्त्यानेच येतो. गाडी घेऊन येऊ नका, रविवारी पार्किंग शोधण्यात सूर्यास्त निघून जातो.

किती वाजता फोटो काढायचा? रात्री म्हणजे नऊ-दहाला ना?

नाही, आणि यावरच मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण नव्वद टक्के फोटो इथेच फसतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा साडेआठला पोचलो, छान काळोख, मस्त दिवे, भराभर चाळीस फोटो काढले आणि घरी येऊन बघतो तर सगळ्या फोटोंमधे वर काळं, खाली काळं आणि मधे एक पिवळी रेघ. समुद्र कुठला आणि आकाश कुठलं ते कळेना. बिल्डिंगा तर नव्हत्याच, नुसत्या खिडक्या हवेत लटकलेल्या.

फोटो काढायचा तो सूर्यास्तानंतर साधारण पंधराव्या मिनिटापासून पस्तिसाव्या मिनिटापर्यंत. या वीस मिनिटात आकाश गडद निळं असतं, समुद्र त्याचाच निळा उचलतो, बिल्डिंगांच्या भिंती अजून दिसत असतात आणि रस्त्याचे दिवे पेटलेले असतात. दिव्यांचा उजेड आणि आकाशाचा उजेड एकमेकांच्या तोडीचा होतो, कॅमेऱ्याला दोन्ही एकाच एक्स्पोजरमधे पकडता येतात. त्याच्या आधी दिवे फिके पडतात आणि नंतर आकाश मरतं.

आणि आपल्याकडे ही वेळ खूप पटकन संपते. माझा चुलतभाऊ लंडनला असतो, तो म्हणतो तिकडे उन्हाळ्यात निळी संध्याकाळ तासभर रेंगाळते, आरामात जागा बदलत फोटो काढतो. मुंबई विषुववृत्ताच्या जवळ, सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो, त्यामुळे एक लेन्स बदलेपर्यंत निळ्याचा रंग बदललेला असतो. म्हणून जागा एकच ठरवा आणि तिथून हलू नका.

मग सूर्यास्त केव्हा असतो ते कसं धरायचं?

फोनवर रोजचा मिळतोच. अंदाज म्हणून, नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या सुमाराला, जुलैच्या सुरुवातीला सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास, बाकीचे महिने या दोन्हीच्या मधे. मी सूर्यास्ताच्या निदान अर्धा तास आधी उभा असतो. ऑफिसवाल्यांना हिवाळ्यात अवघड जातं, त्यांनी सरळ शनिवार धरावा.

सूर्य कुठल्या बाजूला मावळतो? फोटोत येईल का?

नाही येणार, तो तुमच्या पाठीमागे मावळतो. इथून आपण पूर्व ते आग्नेय दिशेला बघत असतो. पुष्कळ जण हे ऐकून नाराज होतात पण हे चांगलंच आहे, कारण समोरचं आकाश आधी निळं होतं, आणि सूर्य गेल्यावर लगेच चर्चगेटच्या बाजूला क्षितिजाजवळ करड्या-निळ्या रंगाचा एक पट्टा चढताना दिसतो, त्याच्या वर फिकट गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. हवा स्वच्छ असेल तरच दिसतो. तो दिसला की समजायचं आजचा दिवस आपला आहे.

कुठला महिना चांगला?

पावसाळ्यातली उघडीप आणि सप्टेंबरचा शेवट, डोळे मिटून. पावसाने हवा धुतलेली असते, नरिमन पॉइंटच्या टोकाच्या बिल्डिंगांच्या खिडक्यासुद्धा मोजता येतात. ढग असले तर अजून चांगलं, ते शहराचा पिवळा उजेड घेतात आणि आकाश रिकामं वाटत नाही.

डिसेंबर-जानेवारीत वाऱ्याचा जोर नसतो, धूळ धूर सगळं खाली साचतं, लांबची बाजू दुधात बुडाल्यासारखी दिसते. थंडीत फिरायला मजा येते पण या फोटोसाठी मी ते दोन महिने जवळजवळ सोडून देतो. फेब्रुवारी-मार्चमधे पुन्हा जरा बरं.

पावसाळ्यात एक सांभाळा. एसी गाडीतून किंवा एसी ऑफिसातून थेट वर आलात की लेन्सवर वाफ धरते, पुसली तरी परत येते. बॅग उघडून पंधरा मिनिटं कॅमेरा तसाच राहू द्या. आणि घरी गेल्यावर बॅग बंद करून कोपऱ्यात टाकू नका, मी एका जुलैत तेच केलं आणि माझ्या पहिल्या लेन्समधे बुरशी धरली, बारीक कोळ्याच्या जाळ्यासारखी, काचेच्या आतून. हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी, शंभर-दोनशे रुपयात काम होतं.

लेन्स कुठली लागते? माझ्याकडे एकदम वाइड नाहीये.

नकोच आहे. बहुतेक जण सोळा-अठरा मिलिमीटरची वाइड घेऊन येतात आणि मग हार एवढासा दोरा होऊन जातो, वर निम्मं आकाश आणि खाली झाडांचे शेंडे. चौपाटीच्या वाळूपासून नरिमन पॉइंटपर्यंत सगळं बसायला फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २८ ते ३५ मिलिमीटर पुरतं, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १८ ते २४. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स यासाठी अगदी बरोबर आहे, नवीन काही विकत घेऊ नका.

दुसरी न्यायची असेल तर ७०-२०० सारखी टेली, लांबचं जवळ आणणारी. तिने वळणाचा नुसता एक तुकडा घ्या, म्हणजे दिवे एकमेकांजवळ ओढले जातात आणि मागचे टॉवर पुढच्या आर्ट डेको बिल्डिंगांवर येऊन उभे राहतात. माझे स्वतःचे सगळ्यात आवडते फोटो टेलीचे आहेत. पण पहिल्या दिवशी दोन्ही करायला जाऊ नका, वीस मिनिटंच आहेत.

सेटिंग सांगा ना सरळ.

सांगतो, पण ही सुरुवात आहे, पुढे स्क्रीन बघून बदलायचं.

मॅन्युअल मोड, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता १००, अॅपर्चर एफ ८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते). आता फक्त शटर, म्हणजे ते किती वेळ उघडं राहतं, तेवढं बदलत राहायचं. सूर्य मावळताना सेकंदाचा तिसावा भाग वगैरे, वीस मिनिटांनी चार सेकंद, अर्ध्या तासाने आठ, त्याच्या पुढे दहा-पंधरा. दर दोन मिनिटांनी एक फोटो आणि दर वेळी हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, बघायचा, दिव्यांमुळे तो उजव्या कडेला थोडा टेकणारच, टेकू दे, पण बिल्डिंगांच्या भिंती पांढऱ्या व्हायला लागल्या तर शटर अर्धं करा.

दिव्यांना चांदणीसारखे टोकदार किरण हवे असतील तर एफ ११ ते १६ करा आणि शटर त्या प्रमाणात वाढवा. पण सोळाच्या पुढे जाऊ नका, सगळा फोटोच मऊ पडतो.

फोकस हा लोकांचा राहून जातो. उजेड असतानाच लांबच्या एखाद्या बिल्डिंगच्या कडेवर ऑटोफोकस करा, मग लेन्स मॅन्युअलवर टाका आणि रिंगला हात लावू नका. अंधार पडल्यावर कॅमेरा फोकस शोधत पुढेमागे करत बसतो.

लेन्सवर संरक्षणाला लावलेला यूव्ही फिल्टर काढून ठेवा. समोर एवढे दिवे असताना त्याच्यामुळे आकाशात हिरवट ठिपके येतात, दिव्यांचेच उलटे प्रतिबिंब, आणि नंतर एकेक पुसत बसावं लागतं.

ट्रायपॉड लावू देतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सार्वजनिक बागांमधे आणि असल्या जागांवर मोबाईलने किंवा हातात कॅमेरा धरून फोटो काढले तर सहसा कोणी काही म्हणत नाही, पण मोठा ट्रायपॉड उघडला की सिक्युरिटीला तो शूटिंगचा प्रकार वाटतो आणि शूटिंगला परवानगी लागते. लग्नाचं प्री-वेडिंग, जाहिरात, पैशाचं काम असेल तर परवानगी काढूनच जा, यात वाद घालण्यासारखं काही नाही. हौसेसाठी असेल तर आत शिरतानाच गेटवर विचारा, नीट बोललं तर माणसं ऐकून घेतात. मी एका बागेत न विचारता उघडला होता, अगदी निळ्या वेळेच्या मधोमध गुंडाळायला लागला, तेव्हापासून आधी विचारतो.

नाही म्हणाले तरी फोटो मिळतो. वीतभर उंचीचा छोटा ट्रायपॉड किंवा चक्क तांदूळ भरलेली कापडी पिशवी कठड्यावर ठेवा, कॅमेरा तिच्यात दाबून बसवा, पट्टा मनगटाला गुंडाळलेला असू द्या कारण खाली उतार आहे. माझी पिशवी आईने जुन्या पडद्याच्या कापडाची शिवून दिलेली आहे, अर्धा किलो तांदूळ, आठ सेकंदाचा फोटो कडक येतो.

वॉक-वेवर वेगळी गंमत आहे. लाकूड हलतं. समोरून चार जणं चालत आली की पायाखाली कळतं, आणि डोळ्याला दिसत नसलं तरी आठ सेकंदात प्रत्येक दिव्याचा छोटा वळवळता किडा होतो. तिथे लांब शटर टाकायचं तर पावलं थांबायची वाट बघा, किंवा आयएसओ ८०० करून शटर एक सेकंदावर आणा आणि पाच-सहा फोटो काढा, एखादा तरी स्थिर निघतो.

ट्रायपॉड असूनही फोटो हलतोय, का?

तीन गोष्टी बघा. लेन्सचं किंवा कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन चालू आहे का, ट्रायपॉडवर ते बंद करा, कॅमेरा स्थिर असताना ते उगाच काहीतरी दुरुस्त करायला जातं. बोटाने शटर दाबताय का, दोन सेकंदाचा टायमर लावा. आणि वारा, टेकडीवर समुद्राकडून चांगला येतो, कॅमेऱ्याचा लोंबणारा पट्टा शिडासारखा काम करतो, तो काढून टाका.

दहा सेकंदाचा फोटो काढला की कॅमेरा अजून दहा सेकंद अडकून बसतो. बिघडलाय का?

नाही. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असेल. मेनूमधून बंद करा, दहा-पंधरा सेकंदाला त्याची गरज नसते आणि आपल्याकडे वेळ मोजकाच आहे.

माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. जाऊ का?

जा की. आत्ताचे फोन यात चांगलं काम करतात. मेन लेन्स वापरा, साधारण पूर्ण हार तिच्यात बसतो, कडेचं थोडं कापायला लागेल तेवढंच. अल्ट्रावाइड नको, तिचा सेन्सर बारीक असतो, अंधारात चिखल होतो. फोन कठड्याला टेकवा, हातात धरू नका, नाइट मोड लावा आणि दिव्यांवर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढा. फोनला रात्रीचा दिवस करायची सवय असते, आकाश जांभळट पांढरं करून टाकतो, थोडं काळं ठेवलंत की लगेच खरं दिसायला लागतं. फ्लॅश बंद. साडेतीन किलोमीटर लांब तो पोचत नाही, पण शेजारी उभ्या माणसाचा लाँग एक्स्पोजर मात्र खराब होतो. आणि निघायच्या आधी लेन्स रुमालाने पुसा, बोटांच्या तेलामुळे दिव्यांना लांब शेपट्या येतात.

दिव्यांचा रंग नेमका काय ठेवायचा? माझा फोटो एकदम नारंगी येतो.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर तो दर फोटोला मत बदलतो. हाताने ३४०० ते ३८०० केल्व्हिनच्या आसपास ठेवा, दिवे पिवळे राहतात आणि आकाश निळं. रॉ असेल तर नंतर पण करता येतं.

या रंगाबद्दल मला जरा सांगायचंय. आधी इथे सोडियमचे दिवे होते, एकदम गडद पिवळे. २०१५ मधे ते काढून पांढरे एलईडी लावले आणि वरून बघताना तो हार ओळखू येईना, ट्यूबलाइटची रांग वाटायची. लोक चिडले, बराच वाद झाला, पुढे परत पिवळसर प्रकाशाचे दिवे आले. माझ्याकडे एकाच कठड्यावरून काढलेले तिन्ही काळातले फोटो आहेत आणि शेजारी शेजारी ठेवले की कळतं की हार हे नाव त्या पिवळ्यामुळेच टिकून आहे. म्हणून एडिट करताना पिवळा पूर्ण मारून पांढरं करू नका हो. गाड्यांचे दिवे पांढरे असतात, त्यांच्याशेजारी रस्त्याचे पिवळेच उठून दिसतात.

गाड्यांच्या रेघा कशा येतात?

शटर आठ ते पंधरा सेकंद, आपोआप येतात. पण त्यात बघण्यासारखं काय आहे ते सांगतो. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे नरिमन पॉइंटकडे जाणाऱ्या गाड्या बिल्डिंगांच्या बाजूने जातात आणि चौपाटीकडे येणाऱ्या समुद्राच्या बाजूने. मलबार हिलवरून येणाऱ्यांचे हेडलाइट दिसतात आणि जाणाऱ्यांचे मागचे दिवे. म्हणजे समुद्राला लागून पांढरी रेघ आणि तिच्या आत लाल रेघ, कायम हाच क्रम. संध्याकाळी ऑफिसं सुटतात तेव्हा पांढरी जाड होते, लाल बारीक. सिग्नल लागला की पांढरी मधेच तुटते, तुटू नये असं वाटत असेल तर सिग्नल सुटल्यावर शटर दाबा, दोन-तीनदा बघितलं की त्याचा ताल कळतो. कोस्टल रोडचे जुळे बोगदे या टेकडीच्याच पोटातून जातात आणि मरीन ड्राइव्हला जोडले गेल्यापासून ट्रॅफिकचा ताल बराच बदललाय, जुना अंदाज असेल तर परत एकदा निरखा.

पौर्णिमेचा चंद्र हारावर मिळेल का?

नरिमन पॉइंटच्या टोकावर नाही मिळत, तो उगवतो पूर्वेला, आणि टोक आहे बरंच दक्षिणेकडे. हिवाळ्यातल्या पौर्णिमेला तर चंद्र फारच डावीकडे, टॉवरांमागून वर येतो, हाराच्या फ्रेमच्या बाहेर. उन्हाळ्यात पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडे सरकून उगवतो, एप्रिल-मे मधे तो मरीन लाइन्सच्या बाजूला मिळू शकतो. पौर्णिमेच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी जा, म्हणजे निळं आकाश असतानाच चंद्र वर असतो. आठ सेकंदात चंद्र पांढरी बिस्किटासारखी चकती होते, त्यामुळे चंद्रासाठी वेगळा, खूप छोट्या शटरचा फोटो काढून नंतर जोडायला लागतो. मी जोडतो तेव्हा तसं सांगतो, आणि चंद्र होता तिथेच आणि होता तेवढाच ठेवतो.

वानखेडेवर मॅच असेल तर?

फ्लडलाइट लागतात, बिल्डिंगांच्या मागे एकदम पांढरा उजेड फुटतो. स्वच्छ हारासाठी गेला असाल तर त्या रात्री नको. पण मला स्वतःला आवडतं, दमट हवेत त्या उजेडाचा घुमट दिसतो आणि शहर जागं असल्याचं फोटोत कळतं. शटर थोडं कमी ठेवा.

अनंत चतुर्दशीला वरून फोटो काढता येतो का?

येतो, आणि आयुष्यात एकदा तरी काढावा. चौपाटीवर वाळू दिसतच नाही, नुसती माणसं, मधे मधे मूर्ती, गुलालाचा धुरळा मोठ्या दिव्यांच्या झोतात लाल दिसतो आणि ढोलाचा आवाज वरपर्यंत येतो. पण रस्ते बंद असतात, पोलिस जिथे अडवतील तिथे थांबायचं, त्यांच्यावर त्या दिवशी फार ताण असतो. दुपारीच वर जाऊन बसा, पाणी बरोबर ठेवा. शटर लांब ठेवलंत तर माणसांचं धुकं होतं, गर्दी ओळखू यायला हवी असेल तर आयएसओ १६०० वगैरे करून सेकंदाच्या पंधराव्या-तिसाव्या भागावर या. चौपाटीवरचे मोठे दिवे बाकी सगळ्यापेक्षा खूप प्रखर असतात, दोन-तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढून ठेवा.

ड्रोनने काढू का?

नाही. खाली राज्यपालांचं निवासस्थान, मंत्र्यांचे बंगले, पलीकडे नौदल, आणि मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वरचेवर निघत असतात. गुन्हा दाखल होतो. कठड्यावरून चांगला येतो फोटो.

ओळखीच्यांचा फ्लॅट उंचावर आहे, खिडकीतून काढला तर?

फारच छान, वेळेचं बंधन नाही. काच उघडत असेल तर उघडा. नसेल तर खोलीतले सगळे दिवे बंद, टीव्ही बंद, राउटरचा लुकलुकणारा हिरवा दिवा पण झाका, लेन्स काचेला अगदी लावा आणि भोवतीने काळी ओढणी किंवा जाड काळं कापड धरा. काच बाहेरून धुळीची असेल तर काही उपाय नाही. नरिमन पॉइंटच्या उंच मजल्यावरून उलटा हार दिसतो, तिथे सूर्यास्त डाव्या हाताला असतो आणि मलबार हिल काळीशार उभी असते, तो पण सुंदर फोटो आहे.

एकटीने गेलं तर चालेल का?

सूर्यास्ताच्या वेळी कुटुंबं, म्हातारी माणसं, मुलं सगळी असतात, वर्दळीची जागा आहे. माझी बहीण एकटी जाते. कॅमेरा बॅगेत घालून, रिकाम्या वाटांनी न जाता मोठ्या रस्त्याने खाली उतरायचं एवढं ती पाळते.

एडिटिंग किती करायचं?

कमी. हायलाइट खाली, शॅडो किंचित वर, डीहेझ (धुरकटपणा कमी करणारी पट्टी) दहा-पंधरा, बस. डीहेझ जास्त ओढलंत की बिल्डिंगांभोवती काळी प्रभावळ येते. क्षितिज सरळ करताना किनाऱ्याची रेघ धरू नका, ती वळलेली आहे, फसवते, लांबच्या बिल्डिंगांच्या उभ्या कडा धरा.

प्रिंट केवढी निघेल?

२४ मेगापिक्सेलची फाइल असेल तर वीस बाय तेरा इंच एकदम स्वच्छ. फोनवर बघून ब्राइटनेस ठरवू नका, स्क्रीन आतून उजळलेली असते आणि कागद नसतो, रात्रीचा फोटो छापल्यावर नेहमी गडद येतो. आधी सहा बाय चारची एक टेस्ट काढा, ज्या भिंतीवर लावायचाय तिथल्या उजेडात धरून बघा, मग मोठी. कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर समोरची ट्यूबलाइट दिसते.

आमच्या गिरगावच्या खोलीत अशी एक प्रिंट आहे, सप्टेंबरमधली, पाऊस थांबून तासभर झाला होता. आजी रोज दुपारी चष्मा लावून तिच्यासमोर उभी राहायची आणि चौपाटीकडून बोट फिरवत दिवे मोजायची. वळणावर दिवे दाट होतात तिथे तिची मोजणी चुकायची, मग परत पहिल्यापासून. काचेवर त्या जागी बोटाचा डाग पडलाय, तो मी पुसलेला नाही.